अर्ध्या वाटेवरची वारी

॥ रामकृष्णहरि ॥

संतसज्जनहो, कार्तिकी एकादशी दिवाळीच्या पाठोपाठ येते. बहुधा मुलांच्या शाळांना तेव्हा सुटी असते, नोकरदारांनाही चार दिवस रजा मिळते. म्हणून आषाढीला पायी निघणे ज्यांना जमत नाही, अशी पुष्कळ कुटुंबे कार्तिकीला म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, लेकराबाळांसह पंढरीस निघतात. वर्षभर पैसा पैसा बाजूला टाकलेला असतो, मठात उतरण्याची सोय सांगून ठेवलेली असते, दशम्या बांधलेल्या असतात. आणि नेमके त्याच दिवशी धाकट्याचे अंग तापाने फणफणते. किंवा चंद्रभागेच्या घाटावर आजीचा पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि दर्शनबारीत उभे राहायचे ते सारे घर दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहते.

मग घरोघर एकच बोलणे सुरू होते. कोणी म्हणतो, देवाच्या मनातच नव्हते. कोणी म्हणतो, आमच्या हातून काहीतरी पाप घडले असेल. आणि कोणी तोंडाने बोलत नाही, पण अंथरुणावरच्या माणसाकडे अशा नजरेने पाहतो की त्या बिचाऱ्याला ताप बरा, पण ही नजर नको असे होते. कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही गावोगाव जातो, तेथे हा प्रश्न आमच्यापुढे पुनः पुनः येतो. त्याचा आज विचार करू.

पंढरीचा देव विटेवर का उभा आहे, हे लहान पोरसुद्धा सांगेल. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारी आला. पुंडलिकाने हातचे काम टाकले नाही. वीट सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. आता नीट ध्यानात घ्या. त्या घटकेला पुंडलिक जर म्हाताऱ्यांचे पाय सोडून दर्शनाला धावला असता, तर देव दर्शन देऊन परत गेला असता. वीट राहिली नसती, पंढरी राहिली नसती, तुमची आमची वारीही राहिली नसती. सेवेसाठी लांबणीवर पडलेले एक दर्शन, त्यावर हे सारे क्षेत्र उभे आहे! म्हणूनच चंद्रभागेत स्नान केल्यावर वारकरी आधी वाळवंटातल्या पुंडलिकाला नमस्कार करतो आणि मग राउळाकडे वळतो. आजीच्या उशाशी बसलेल्या सुनेचे पुंडलिकाचे दर्शन तर झालेच. विठोबाला थोडे थांबण्याची सवय आहे.

पैठणच्या नाथांची कथाही आठवा. तीर्थाच्या पाण्याची कावड रामेश्वराला वाहायची म्हणून शेकडो कोस खांद्यावरून आणलेली. वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. नाथांनी ते पाणी त्याच्या मुखात घातले. सोबतच्यांना वाटले, यात्रा वाया गेली. नाथांचा भाव असा की, माझी कावड येथेच रामेश्वराला पोचली. अहो, गाढवाच्या मुखी घातलेले पाणी जर रामेश्वराला पोचते, तर पोटच्या पोराला रात्रभर घातलेले घोट विठ्ठलाला पोचणार नाहीत काय?

आणि अगदी अलीकडचे पाहा. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे साऱ्या महाराष्ट्राची पायी वारी थांबली. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. लाखो वारकरी घरीच राहिले, कारण आपल्या पायांनी दुसऱ्याच्या घरी रोग जाऊ नये. तेव्हा वारी बुडाली असे कोणी म्हटले काय? नाही. मग एका घरातल्या एका आजाऱ्यासाठी थांबलेली वारी बुडाली, असे का म्हणावे?

यावर कोणी शहाणा म्हणेल, "महाराज, ठीक आहे, मग घरीच बसावे, वारीची दगदग हवी कशाला?" बाबा रे, तसे नव्हे. वारी हा नेम आहे. थंडी वाजते, गर्दी असते, अंग मोडून येते, म्हणून नेम मोडणे हा आळस. खरी अडचण कोणती आणि निमित्त कोणते, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. राहिलेल्या वारीने जीव हळहळतो ती अडचण. मनातून सुटल्यासारखे वाटते ते निमित्त. शिवाय घरची वारी एकट्याची नसते. एक उशाशी बसला तर मुलाने किंवा पुतण्याने पुढे व्हावे. मात्र दर वर्षी मागे राहण्याची पाळी एकाच सुनेवर येत असेल, तर तो नेम नव्हे, तो अन्याय आहे. पुढच्या खेपेस तिला पाठवा आणि उशाशी तुम्ही बसा.

आता थोडे व्यवहाराचे. आजाऱ्याला गर्दीत ओढत नेणे ही भक्ती नव्हे. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला उभे करू नका, चोळू नका. १०८ ला फोन करा. जुलाब होत असतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा, आणि वैद्याला दाखवा. मधुमेही माणसाने वैद्याला विचारल्याशिवाय एकादशीला निरंकार राहू नये. पायाला फोड आला तर चालणे थांबवून तो दाखवावा. वृद्धांच्या खिशात नाव, घरचा फोन आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. देह हे वारीचे साधन आहे, ते जपणे हाही नेमच.

आणि जो आजारी आहे त्यालाही आमचे सांगणे आहे. आपल्यामुळे सर्वांची वारी राहिली, हा काटा मनातून काढून टाका. तुमच्या निमित्ताने घरातल्या चौघांना सेवा घडते आहे. संध्याकाळी अंथरुणाभोवती टाळ घ्या, हलक्या आवाजात हरिपाठ म्हणा, एक तुळशीचे पान उशाशी ठेवा. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात भाजी खुरपता खुरपता देवाला आपल्याकडे यायला लावले, असे संतचरित्र सांगते. ज्या देवाला मळ्याची वाट सापडली, त्याला दवाखान्याची सापडणार नाही काय?

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!