ज्यांनी मरण पाहिलंय त्यांनाच

हॅरी पॉटरच्या गोष्टीत ड्रॅगन आहेत, राखेतून पुन्हा जन्म घेणारा फिनिक्स आहे, शाळेखालच्या भुयारातला अजस्र साप आहे. मला त्या सगळ्यांपेक्षा थेस्ट्रल मोठा वाटतो. काळा, हाडांचा नुसता सापळा झालेला घोडा. तोंड सरड्याच्या जातीचं, डोळे पांढरेफटक आणि बुबुळांवाचूनचे, पाठीवर वटवाघळाचे पंख. ज्याने कुणाचा मृत्यू डोळ्यांनी पाहिलाय, त्यालाच तो दिसतो. बाकीच्यांना तिथे नुसती हवा.

हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या बग्ग्या हेच थेस्ट्रल ओढतात. हॅरी तिसऱ्या वर्षी त्या बग्गीत बसला तेव्हा एखादा अदृश्य घोडा असेल, असं तो धरून चालला. चौथ्या वर्षाच्या शेवटी एका स्मशानभूमीत त्याच्या डोळ्यांदेखत सेड्रिक डिगरी मारला जातो. मग २००३ साली आलेल्या पाचव्या पुस्तकात, सुट्टी संपवून हॅरी स्टेशनाबाहेर येतो, तर बग्ग्यांना घोडे जुंपलेले! शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मित्राला, रॉनला, काहीच दिसत नाही. आपलं डोकं तर फिरलं नाही ना, अशी हॅरीला शंका येते. तेव्हा लूना लव्हगुड, जिला शाळा वेडीच समजते, अगदी सहज सांगते, की मलाही दिसतात, इथे आले त्या दिवसापासून.

वाचकांनी लेखिकेला एक रास्त प्रश्न विचारला होता. सेड्रिक गेल्यावर घरी परतताना हॅरी त्याच बग्गीतून स्टेशनवर गेला, तेव्हा का नाही दिसले? जे. के. रोलिंग यांचं उत्तर असं, की मृत्यू नुसता पाहून भागत नाही, तो मनात उतरावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. मला हे उत्तर पूर्ण पटतं. माणूस जातो, घर भरतं, दहावा होतो, तेरावा होतो, सांत्वनाला येणाऱ्यांचा चहा करता करता दिवस निघून जातात. बाई किती धीराची आहे, असं लोक म्हणतात. मग दोनएक महिन्यांनी गॅसचं पुस्तक नावावर करून घ्यायला ती कपाट उघडते, नवऱ्याच्या अक्षरात लिहिलेली सिलिंडरच्या तारखांची यादी हाती येते, आणि तिथेच ती खाली बसते. तोवर विचारपूस करणारे आपापल्या कामाला लागलेले असतात.

शाळेतला शिक्षक हॅग्रिड या प्राण्यांचा एक तास घेतो. जंगलात मांसाचा मोठा तुकडा टाकलेला. मुलांना काय दिसतं, तर मांसाचे लचके आपोआप तुटतात आणि हवेत गडप होतात. घोडे दिसतात ते तिघांनाच. हॅरी, त्याचा वर्गमित्र नेव्हिल, आणि विरुद्ध गटातला एक किरकोळ अंगाचा मुलगा, ज्याचं नावसुद्धा तिथे येत नाही. त्याने कुणाला गमावलंय, हे कुणी विचारत नाही. तपासणीला आलेल्या अम्ब्रिजबाई नेव्हिलला मात्र विचारतात, तू कुणाला मरताना पाहिलंस? आजोबांना, तो सांगतो. बाई पुढच्या प्रश्नाकडे वळतात. नेव्हिल घोड्यांबद्दल चांगलं बोलतो, तरी मुलं घाबरली आहेत, असाच शेरा त्या टिपून घेतात. पाचव्या पुस्तकात या बाई बरेच अन्याय करतात. हा त्यातला लहान, पण माझ्या मते सगळ्यांत निर्दय.

त्याच तासानंतर हॅरीची मैत्रीण हर्मायनी म्हणते, मलाही दिसले असते तर! हुशार मुलगी, जे जे आहे ते सगळं जाणून घ्यायची तिला ओढ. खरंच तुला तसं वाटतं? हॅरी हळूच विचारतो, आणि तिचा चेहरा उतरतो. ती लगेच माफी मागते. मन असलेल्या माणसाकडूनही असं निघून जातं. तिचं मोठेपण असं, की चूक कळल्यावर ती स्वतःचं समर्थन करत बसत नाही.

थेस्ट्रल अपशकुनी, दिसला की वाईट होणार, अशी जादूगारांची समजूत. प्रत्यक्षात तो शांत आहे, कामाचा आहे आणि वाट कधी चुकत नाही. पुढे हॅरी आणि त्याचे पाच सोबती याच घोड्यांवरून लंडन गाठतात. त्यांतल्या तिघांना आपण कशावर बसलोय हेही दिसत नाही. लूना त्यांना एकेक करून हात धरून वर चढवते.

लूनाची आई ती नऊ वर्षांची असताना, एक मंत्र उलटून, तिच्यासमोर गेली. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी हॅरीचा धर्मपिता सिरियस मरण पावतो. हॅरीला कुणाशीच बोलवत नाही. बोलवतं ते लूनाशी. ती उपदेश करत नाही. आईबद्दल सांगते, कधी कधी अजून फार वाईट वाटतं म्हणते, आणि हॅरीच्या छातीवरचं ओझं थोडं हलकं होतं.

रोलिंग यांची आई १९९० साली, हॅरीची गोष्ट लिहायला घेतली त्याच वर्षी, ३० डिसेंबरला गेली. वय अवघं ४५. मुलगी काय लिहितेय, हे तिला कधी कळलंच नाही.

तुमच्या ओळखीत चार-सहा महिन्यांपूर्वी कुणाचं माणूस गेलं असेल, तर आज त्यांना फोन करा. सावरलात का, असं विचारू नका. गेलेल्याचं नाव घेऊन बोला, आणि ते बोलू लागले की ऐकत राहा.