रिक्त झाल्याची तारीख

२१ जुलै २०२५च्या रात्री जगदीप धनखड यांनी प्रकृतीचं कारण देऊन उपराष्ट्रपतिपद सोडलं आणि ९ सप्टेंबरला संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या खासदारांनी नवा उपराष्ट्रपती निवडलाही. मध्ये गेले पन्नास दिवस. एरवी ही निवडणूक २०२७ साली व्हायची. राज्यघटनेचं ६८वं कलम अशा वेळी फक्त एवढंच सांगतं, की रिकामं पद शक्य तितक्या लवकर भरा. राष्ट्रपतिपदासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, इथे तीही नाही. या काळात कुणाचं फार अडलंही नव्हतं, राज्यसभा उपसभापती हरिवंश सांभाळत होते. तरी अधिसूचना, अर्ज, छाननी, मतदान आणि त्याच संध्याकाळी मोजणी, सगळं झपाट्यानं उरकलं. हे चांगलंच झालं. मनावर घेतलं की सरकारी यंत्रणेला काय जमतं, ते दिसलं.

शेतात नागली-वरई उभी असताना या मतदानाचं पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याला काय? वाटतं त्याहून बरंच काही. जिंकलेले सी. पी. राधाकृष्णन तोवर महाराष्ट्राचे राज्यपाल होते. जव्हार-मोखाडा घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात, आणि तिथे राज्यपाल म्हणजे केवळ शोभेचं पद नव्हे. एखादा कायदा या भागाला लागू करू नये किंवा बदल करून लागू करावा, असं ते अधिसूचनेनं ठरवू शकतात. इथल्या कारभाराचा अहवाल राष्ट्रपतींना पाठवणं हेही त्यांचंच काम. हरलेले बी. सुदर्शन रेड्डी हे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. छत्तीसगडमध्ये आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांना नक्षलवाद्यांपुढे उभं करणाऱ्या ‘सलवा जुडूम’ला २०११मध्ये बेकायदा ठरवणाऱ्या खंडपीठावर ते होते, आणि प्रचारात तोच निकाल त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. म्हणजे दोन्ही उमेदवारांचा आदिवासी भागाशी घटनात्मक संबंध होता. मतं पडली ४५२ आणि ३००. बाद झाली १५. पंधरा खासदारांना पसंतीचा एक आकडा धड लिहिता आला नाही, की लिहायचाच नव्हता, हे गुप्त मतदानात कळणार कसं? पाड्यावरच्या मतदाराला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दिल्लीतली खुर्ची भरली, तशी मुंबईतली रिकामी झाली. गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार आला आणि १५ सप्टेंबरला त्यांनी शपथ घेतली. घटनेत याची सोय आहे, त्यात वावगं काही नाही. पण आदिवासी तालुक्यांतल्या माणसाला ही व्यवस्था चांगलीच ओळखीची वाटावी. ‘साहेबांकडे दोन ठिकाणचा चार्ज आहे, बुधवारी या.’ बुधवारी गेलं की साहेब दुसऱ्या चार्जच्या गावी. चार्ज असतो म्हणून पद रिकामं आहे असं कुणाला वाटत नाही, आणि साहेब नसतात म्हणून काम होत नाही. जबाबदारी कागदावर कुणाच्या तरी नावे असते, एवढ्यावर वरच्यांची टोचणी शमते. मला यातली खरी नैतिक अडचण इथे दिसते. उघड रिकाम्या खुर्चीची लाज तरी वाटते.

‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द घटनेत एकाच जागी नाहीत. ९३व्या कलमानुसार लोकसभेनं अध्यक्षाबरोबर उपाध्यक्षही असाच लवकर निवडायचा असतो. सतराव्या लोकसभेनं २०१९ ते २०२४ या अख्ख्या कार्यकाळात तो निवडलाच नाही. घाई शब्दांत नसते, ती कुणाला नड आहे त्यावर ठरते.

मोखाड्यानं ही घाई स्वतःही पाहिली आहे. ३० जानेवारी २०१८ रोजी खासदार चिंतामण वनगा गेले आणि २८ मे रोजी पालघरची पोटनिवडणूक झाली. सहा महिन्यांच्या आत मतदान घेण्याचं बंधन कायद्यातच आहे. पाड्यापाड्यावर यंत्रं पोहोचली, कर्मचारी पोहोचले, रस्ते आड आले नाहीत.

आता दुसरं टोक पाहा. २०१४ साली राज्यपालांनी अधिसूचना काढली, की अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका अशी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत. त्याला न्यायालयात आव्हान मिळालं, भरती अडकली. वाद खरा आहे. नोकरीतल्या समान संधीचा प्रश्न बाजूला सारता येत नाही आणि न्यायालयाला घाई करा असं कुणी म्हणू नये. पण वाद मिटेपर्यंत पोराला कोण शिकवणार, बाळंतिणीला कोण तपासणार, याचं उत्तर न्यायालयानं द्यायचं नव्हतं, सरकारनं द्यायचं होतं. मानधनावर नेमणुका देण्याची वाट निघाली ती २०२४मध्ये, उमेदवारांच्या आंदोलनानंतर. त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उडी घेतली. त्यांच्या मागण्यांत या भरतीचाही समावेश होता. घटनात्मक पदावरच्या माणसाला जाळीवर उतरावं लागतं, तिथे गावच्या उमेदवारानं कोणत्या दारात जायचं?

उपराष्ट्रपतिपदाच्या घड्याळाला सुरुवात होती, कारण २१ जुलै ही तारीख देशाला ठाऊक होती. आरोग्यसेविकेची जागा कोणत्या दिवशी रिकामी झाली, हे पाड्यावर कुणाला सांगता येत नाही. तेव्हा ग्रामसभांनी एक मागणी करून पाहावी. शाळा, उपकेंद्र आणि तलाठी कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर प्रत्येक रिक्त पदाचं नाव, ते रिक्त झाल्याची तारीख आणि चार्ज कुणाकडे आहे, हे ठळक अक्षरांत लिहावं. फलक रंगवायला पन्नास दिवस लागणार नाहीत.