कायमचं येणं, तात्पुरतं राहणं

३१ ऑगस्ट २०२५ला ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शहरांत ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’चे मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारात भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता: ग्रीक आणि इटालियन शंभर वर्षांत जेवढे आले, त्याहून अधिक भारतीय पाच वर्षांत आले, अशा अर्थाचा. आपल्याकडे त्याला वंशद्वेष म्हणून लोक मोकळे झाले. तो होताच. पण त्यात एक चलाखीही होती, आणि ती मोर्चेवाल्यांच्या विरोधकांच्याही अंगवळणी पडली आहे. शिकायला आलेला, कंपनीच्या करारावर आलेला आणि कायमचा स्थायिक झालेला, तिघांना एकाच दावणीला बांधायचं आणि त्या सगळ्याला ‘स्थलांतर’ म्हणायचं.

गजर होतो तो निव्वळ स्थलांतराच्या, म्हणजे येणारे वजा जाणारे, या आकड्याचा. २०२२-२३मध्ये तो पाच लाखांच्या वर गेला. कोविडनंतर सीमा उघडल्यावर येणारे एकदम आले, परत जाणारे थोडेच होते. सोळा महिन्यांत बारा महिने राहणारा प्रत्येक जण या हिशेबात येतो. कायमस्वरूपी परवान्यांची २०२५-२६ची मर्यादा मात्र १ लाख ८५ हजार आहे, निर्वासित वेगळे. आता १९६९-७० पाहा: त्या वर्षी कायमचे राहायला आलेले लोक १ लाख ८५ हजार ९९. तेव्हा देशाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती, आज ती पावणेतीन कोटींच्या आसपास आहे. म्हणजे कायमचं दार रुंद झालेलं नाही. लोकसंख्येच्या मानाने ते निम्म्याहूनही अरुंद झालं आहे.

मग वाढलं काय?

नेहमीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणारा १९०१चा कायदा, कुठल्याही युरोपीय भाषेत घेता येणारी ती कुप्रसिद्ध श्रुतलेखनाची परीक्षा, युद्धानंतर माणसं हवीत म्हणून मंत्री आर्थर कॉलवेल यांनी उघडलेलं स्थलांतर खातं, १९६६मध्ये पंतप्रधान होल्ट यांनी सैल केलेली गाठ आणि १९७३मध्ये व्हिटलॅम सरकारने गोऱ्यांपुरत्या धोरणाला दिलेली मूठमाती. डावे ही गोष्ट अभिमानाने सांगतात, उजवे कुरकुरत सांगतात, पण दोघांच्याही गोष्टीचा कळस १९७३च. मला हे पटत नाही. १९९६च्या जनगणनेत तिथे भारतात जन्मलेले लोक ८० हजारही नव्हते. २०२१मध्ये ते पावणेसात लाखांच्या घरात गेले. मधल्या काळात जे बदललं त्याचा रंगाशी फारसा संबंध नाही.

कॉलवेल यांच्या काळात युरोपातले विस्थापित आले, तेव्हा त्यांना सरकार सांगेल तिथे दोन वर्षं काम करायची अट होती. अट कडक होती, पण मुक्काम पहिल्या दिवसापासून कायमचा. स्नोई पर्वतातल्या धरणांवर राबणाऱ्या इटालियनाला किंवा पोलिश माणसाला आपल्याला इथेच राहायचं आहे हे ठाऊक होतं. जर्मनीने पाहुणे कामगार आणले, आम्ही नागरिक आणतो, हा ऑस्ट्रेलियाचा तोरा होता. माणूस रुजेल की नाही याचा धोका सरकारने स्वतःच्या अंगावर घेतला होता. उलट आशियाई देशांना मदत करणाऱ्या कोलंबो योजनेतून शिकायला आलेल्या आशियाई विद्यार्थ्याने पदवी घेऊन घरी परतायचं, हेही तितकंच पक्कं होतं.

१९९६ला जॉन हॉवर्ड सत्तेवर आले आणि ही मांडणी उलटली. आशियाई स्थलांतराचा वेग कमी असावा असं १९८८मध्ये बोलून टीका ओढवून घेतलेले हेच हॉवर्ड. त्यांच्या राजवटीत कौशल्याच्या जागांनी कुटुंबाच्या जागांना मागे टाकलं, मालकाने बोलावलेल्या कामगारासाठी ४५७ क्रमांकाचा, संख्येची मर्यादा नसलेला व्हिसा आला आणि २००१पासून परदेशी विद्यार्थ्याला देश न सोडता कायमस्वरूपी अर्ज करता येऊ लागला. याला ‘गुणवंतांची निवड’ म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो धोक्याचा खांदेपालट होता. आधी माणसाने फी भरायची, भाडं भरायचं, कर भरायचा, वर्षानुवर्षं थांबायचं. पसंत पडला तर सरकार त्याला ठेवून घेणार. आज कायमस्वरूपी परवाना मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्याआधीच तिथे राहत असतात.

मधे एक अध्याय स्वयंपाक्यांचा झाला. मागणी असलेल्या व्यवसायांच्या सरकारी यादीत आचारी आणि केशकर्तनकार आले, तशी मेलबर्नमध्ये ते शिकवणारी खासगी कॉलेजं फोफावली आणि त्यांत आपली मुलं भरली. २००९मध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी रकाने भरले. २०१०मध्ये ती यादीच रद्द झाली. त्यावर कुणी अग्रलेख लिहिल्याचं मला आठवत नाही.

म्हणूनच ‘आम्ही गुणांवर आलो’ हे आपल्या मंडळींचं पालुपद मला जरा खटकतं. स्थलांतराचे अर्ज पारखणारा तो गुणतक्ता एकदा वाचावा. पंचविशीपासून तेहतीस पूर्ण होईपर्यंत वयाचे ३० गुण, तेहतीस पूर्ण झाली की २५. म्हणजे जी व्यवस्था थांबायला लावते तीच थांबल्याबद्दल गुण कापते. ते भरून काढायला मग पुण्याची अभियंता मुलगी मराठी-इंग्रजी दुभाष्याची चाचणी देऊन ५ गुण मिळवते. तिच्या बुद्धीबद्दल शंका नाही. पण हा तक्ता बुद्धीपेक्षा तग धरण्याची ताकद आणि घरच्यांची ऐपत जास्त मोजतो.

२०१९मध्ये स्कॉट मॉरिसन सरकारने कायमस्वरूपी परवान्यांची मर्यादा १ लाख ९० हजारांवरून १ लाख ६० हजारांवर आणली. स्थलांतर आटोक्यात आणलं म्हणून पाठ थोपटून घेतली गेली. आधीपासून तिथे राहणारा माणूस त्यामुळे कुठे जाणार होता? तो रांगेत जरा मागे सरकला, एवढंच. स्थलांतर व्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या मार्टिन पार्किन्सन यांच्या समितीने २०२३मध्ये जे सांगितलं ते हेच: देशात कायमचे तात्पुरते असा एक वर्ग तयार झाला आहे. या वर्गाला मत नाही, त्यामुळे त्याच्यावर ओरडणं राजकारण्यांना फुकटात पडतं.

गर्दी खरोखर कमी करायची तर हात घालावा लागेल विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून मिळणाऱ्या उत्पन्नाला. अल्बनीझी सरकारने २०२४मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेशांवर मर्यादा घालणारं विधेयक आणलं. ग्रीन पक्षाने विरोध केला, ते समजण्यासारखं होतं. पण स्थलांतर कमी करा म्हणून रोज घसा कोरडा करणाऱ्या, तेव्हाचे विरोधी पक्षनेते पीटर डटन यांच्या आघाडीनेही नोव्हेंबरमध्ये पाठिंबा नाकारला, आणि विधेयक सिनेटमध्ये अडकून पडलं.