ज्याला दुसऱ्याची व्यथा कळते

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या बंदराच्या गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियात, ऑगस्टीन हे बिशप होते. योहानाच्या शुभवर्तमानावर त्यांनी जी प्रवचनं दिली, त्यांतल्या पहिल्याच प्रवचनात एक गोष्ट येते. एक माणूस माश्यांनी अगदी हैराण झालेला असतो. त्याला मानी पंथाचा एक अनुयायी गाठतो. चांगलं ते एका शक्तीचं आणि वाईट ते दुसरीचं, अशी या पंथाची जगाची वाटणी. तो विचारतो, या माश्या कोणी घडवल्या असतील? वैतागलेल्या माणसाच्या तोंडून देवाचं नाव निघत नाही. सैतानाने, असं तो म्हणून जातो. मग मधमाशी? ती माशीपेक्षा कितीशी मोठी? तीही त्याचीच. मग टोळ, सरडा, पाखरू, मेंढी, गाय, हत्ती असं करत करत अखेर माणूस. माश्यांनी त्रासलेला तो बिचारा स्वतःलाच सैतानाची निर्मिती मानून बसतो.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अंगाला काहीतरी चावतं, जीव वैतागतो आणि त्या वैतागात आपण सगळ्या सृष्टीचा निवाडा करून टाकतो. एका माशीला वगळायचं म्हटलं, तर रेघ कुठे ओढायची? ऑगस्टीन यांचं त्या प्रवचनातलं स्वतःचं उत्तर असं, की माणसाचा गर्व उतरवायला देव क्षुद्र जीव वापरतो. बायबलमधल्या इजिप्तच्या राजाला, फारोला, त्याने सिंह-अस्वलांनी नमवलं नाही, बेडूक आणि माश्यांनी नमवलं. पण याच ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना उंदीर, बेडूक, माश्या, कृमी हे का निर्माण झाले ते आपल्याला ठाऊक नाही, असं मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. प्रत्येक जीव आपापल्या जातीत सुंदर आहे एवढं मात्र दिसतं, असंही ते तिथे म्हणतात. त्यांच्या पहिल्या उत्तरापेक्षा या कबुलीपुढे माझं मस्तक जास्त झुकतं.

उत्तरं इतरांनीही दिली. प्राचीन इराणच्या जरथुष्ट्री धर्मात साप, मुंग्या, किडे असे उपद्रवी जीव ही दुष्ट शक्तीची, अंग्र मैन्यूची निर्मिती. त्यांना मारणं हे पुण्यकर्म. मगी पुरोहित स्वतःच्या हाताने मुंग्या आणि साप मारतात, याची नोंद ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने केली आहे. सज्जन देवावर दुःखाचा डाग पडू नये, ही त्यामागची तळमळ समजून घेण्यासारखी आहे. ज्यूंच्या तालमूदमध्ये देवाने काहीच व्यर्थ घडवलं नाही असं म्हणून सर्पदंशावरच्या औषधात डासाचा उपयोग सांगितला आहे. शिक्षा, धडा, औषध, नाहीतर शत्रूची करणी. उत्तरं वेगवेगळी असली तरी सगळ्यांच्या मधोमध माणूसच बसलेला दिसतो. डास माझ्यासाठी का आहे, हा खरा प्रश्न.

आणि शिक्षेचं उत्तर तर आजाऱ्याच्या उशाशी बसलं की उभंच राहत नाही. डासांमुळे पसरणाऱ्या मलेरियाने आजही जगात दरवर्षी सुमारे ६ लाख माणसं दगावतात. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली आणि त्यांतही सर्वांत जास्त पाच वर्षांखालची मुलं. या लेकरांनी फारोसारखा कुठला गर्व केला होता? त्यांच्या आईसमोर उभं राहून जे उत्तर उच्चारता येत नाही, ते धर्माच्या नावाने देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

जैन विचारात हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे सृष्टी घडवणारा कोणी नाही. डास हा चार इंद्रियांचा एक जीव, आपल्याच कर्माच्या वाटेने चाललेला. तो माझ्यासाठी आलेला नाही, मीही त्याच्यासाठी नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात साधूने सहन करायचे बावीस परीषह सांगितले आहेत. भूक, तहान, थंडी, ऊन आणि त्यांच्या पाठोपाठ डास-माश्यांचा दंश. आचारांग सूत्रात महावीरांच्या अंगावर चार महिन्यांहून अधिक काळ नाना जीव गोळा होत राहिले असं वर्णन येतं. हे बळ थोरच. पण साधूने स्वतःचा दंश सोसणं वेगळं आणि पाळण्यातल्या बाळाला तो सोसायला लावणं वेगळं.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त हलवून गेलं ते भागवताच्या पाचव्या स्कंधातलं, नरकांच्या वर्णनातलं एक ठिकाण. अंधकूप नावाचा नरक तिथे सांगितला आहे. डास, उवा, ढेकूण, माश्या अशा जिवांना पीडा देणाऱ्यांसाठी तो आहे. तिथे हेच जीव त्या माणसाला चहूकडून छळतात. एवढंच असतं तर भागवतकार भीती घालून पुढे गेले असं म्हटलं असतं. पण त्याचं कारण दिलं आहे, आणि ते विलक्षण आहे. या जिवांची उपजीविका ईश्वराने ठरवून दिलेली आहे आणि दुसऱ्याला काय वेदना होते ते त्यांना कळत नाही. माणसाला कळतं, आणि तरीही तो पीडा देतो.

डास चावतो तेव्हा त्याच्या ठायी द्वेष नसतो. चावते ती फक्त मादी, आणि तिला रक्त हवं असतं ते अंड्यांसाठी. नर फुलांतल्या रसावर जगतो. ती आपल्या पिढीची सोय करत असते. आपल्या अंगावर गांधी उठते, कुणाला हुडहुडी भरून ताप चढतो, याचा तिला पत्ता नसतो. भागवतकार डास का घडवला हे सांगत बसत नाहीत. दुसऱ्याचं दुखणं कळणारा या सगळ्यात कोण आहे, तेवढं दाखवतात.

आता हे कळणं वाढलेलं आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. त्याआधीच्या माणसाला ताप कुठून येतो हेच नक्की माहीत नव्हतं. दूषित हवा, ग्रह, कोप यांच्याकडे त्याने बोट दाखवलं तर त्याला दोष देता येत नाही. आपल्याला मात्र माहीत आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून तर आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, पिंपं रिकामी करून आतून घासा, असं आशाताई पावसाळाभर दारोदार सांगत फिरतात.

डास मारूच नये असं मी म्हणणार नाही. बाळाच्या अंगावर बसलेला डास मारणाऱ्या आईला कोणताही अंधकूप नसावा, अशी माझी श्रद्धा आहे. पण पाणी साठू दिलं नाही तर जन्मच होत नाही, मारण्याची वेळही येत नाही, आणि दोन्हीकडची व्यथा टळते. गच्चीवरच्या फुटक्या टायरात, कूलरच्या तळाशी, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी ईश्वराने ठेवलेलं नाही. तिथून उठलेला डास आपल्याच घरात थांबत नाही. तो शेजारी जातो, आणि शेजारी कोण आजारी आहे, कोण बाळंतीण आहे, हे त्याला नाही, आपल्याला माहीत असतं.