उंची वाढवण्याआधी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. जिम्नी असो की जुनी जिप्सी, आज तिला कुठेही न्यायचं नाही. जमिनीवर चटई टाका, आडवे व्हा आणि तिच्या पोटाखाली नजर जाऊ द्या. लिफ्ट किट मागवायचा विचार मनात असेल तर तो थोडा वेळ बाजूला राहू दे. आधी फक्त बघा.

पहिल्यांदा दिसेल तो एक्सल, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेला जाड आडवा नळ. त्याच्यावर डिफरन्शियलचा फुगवटा आहे, पुढेही आणि मागेही. नजर तिथे थांबवा. या फुगवट्याला जमिनीपासून वर धरलंय ते चाकांनी. जिम्नीत स्प्रिंग त्याच्या वरच्या अंगाला बसते. त्यामुळे दोन इंच उंच स्प्रिंग टाकली की चासी आणि बॉडी दोन इंच वर जातील, पण फुगवटा होता तिथेच राहील. हे सावकाश मनात मुरू द्या. लिफ्टबद्दल पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता आपली नेहमीची वाट डोळ्यांसमोर आणा. गाडी कुठे टेकते?

पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी खोल केलेल्या चाकोरीत मधला उंचवटा घासत असेल, तर घासतंय ते डिफरन्शियल आणि त्यावरचा इलाज टायरमध्ये आहे. जिम्नीचा मूळचा 195/80 आर 15 टायर सुमारे 693 मिलिमीटर व्यासाचा असतो, तर 235/75 आर 15 सुमारे 733 चा. फरक 40 चा, पण एक्सल वर येतो त्याच्या निम्मा, 20 मिलिमीटर. एवढ्यासाठी चाक जड होतं, दीड लिटरच्या इंजिनाला चढावर जास्त ओढावं लागतं आणि स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी खरी 63 च्या पुढे धावत असते. ज्यांना त्या चाकोरीतून रोज जायचं आहे, त्यांना ही किंमत परवडते.

शेताचा बांध ओलांडताना पोट टेकत असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे विकली जाणारी पाच दारांची जिम्नी लांब आहे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2590 मिलिमीटर, तीन दारांच्या जिम्नीत ते 2250. त्यामुळे पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन 28 अंशांवरून 24 वर आला आहे. इथे स्प्रिंगची लिफ्ट खरोखर कामाला येते.

मग पर्याय एकेक करून मनासमोर ठेवा. स्प्रिंगवर बसवायची चकती, म्हणजे स्पेसर, सगळ्यात स्वस्त. पण शॉकअप जुनाच राहिला तर जेवढी गाडी वर गेली तेवढंच चाकाचं खाली लोंबणं कमी होतं. खड्ड्यात चाक जमिनीचा माग सोडतं आणि हवेत फिरतं. उंची मिळाली, पकड गेली. मला हा सौदा पटत नाही. लांब स्प्रिंगसोबत त्याच मापाचे लांब शॉकअप घेतले तर चाकाची धाव टिकते. स्प्रिंग मात्र रोजच्या वजनाला साजेशी हवी. सामानाने लादलेल्या गाडीसाठी बनवलेली कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत पाठीचे हाल करते. बॉडी लिफ्टमध्ये चासी आणि बॉडी यांच्यात ठोकळे येतात. त्याने मोठ्या टायरला जागा होते, चासी मात्र वर येत नाही.

जिप्सीत कॉइल नाहीत, पाटे आहेत, आणि ते एक्सलच्या खालून जातात. एक्सल पाट्यांखाली घेतला की गाडी एकदम पाच इंचांच्या आसपास वर जाते. त्यासाठी एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि प्रॉपेलर शाफ्टचे कोन बदलतात. नवशिक्या वेल्डरच्या हाती द्यायचं हे काम नाही, जीव त्यावर असतो.

आता उंचीमागून काय काय ओढलं जातं, ते बघा. जिम्नीत एक्सलला आडवं धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड तिरपा झाला की एक्सल एका बाजूला सरकतो. पुढच्या एक्सलचा कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी झाला की स्टीअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. जिम्नीची रुंदी 1645 मिलिमीटर आणि उंची 1720, मुळातच ती रुंदीपेक्षा उंच. ताम्हिणीच्या उतारावर प्रत्येक वळणाला हे जाणवेल, आणि मागच्या सीटवर आपलीच माणसं बसलेली असतील.

कायद्याकडेही थोडा वेळ बघा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना पैसे भरण्याआधी विचारा.

एवढं सगळं पाहूनही लिफ्ट हवीच असेल तर लहान घ्या, 40 मिलिमीटरच्या आसपासची. बसवण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवा. बसवताना मेकॅनिकजवळ उभे राहा. गाडी जॅकवर असताना एक्सलला चासीशी जोडणाऱ्या आर्मचे बोल्ट पक्के आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. म्हणून चाकं जमिनीवर टेकू द्या, गाडी दोनदा दाबून सोडा, वजन स्प्रिंगवर नीट बसू द्या आणि मग पाना लावायला सांगा.