उसना ‘मी’

दुभाष्या ‘साहेब असं म्हणतात की’ अशी सुरुवात करत नाही. साहेबांचं वाक्य तो प्रथमपुरुषातच उचलतो : ‘ही अट मला मान्य नाही.’ या व्यवसायाचा जगभरचा हाच शिरस्ता. ठाण्यातली किंवा डोंबिवलीतली एखादी विद्यार्थिनी स्पॅनिशच्या वरच्या पायऱ्या चढू लागली, की हा उसना ‘मी’ तिच्याही तोंडी येतो. त्याच्या पाठोपाठ एक जुनाच प्रश्न येतो : जे आपल्याला पटलेलं नाही ते आपल्याच तोंडाने बोललं, तर ते असत्य ठरतं का?

पहिल्या पायऱ्यांवर ही अडचण नसते. ‘मी डोंबिवलीला राहते, मला साबुदाण्याची खिचडी आवडते’ हे खरंच असतं. पुढे मात्र वर्गात वाद घालायचा असतो आणि बाजू चिठ्ठीवर ठरते. आपल्याला पटो न पटो, मिळालेली बाजू नीट लढवावी लागते.

स्पॅनिश मंडळींसाठी परक्या दरबारात बोलणारा एक माणूस याच मुलखातून गेला होता. वसई २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. तिथे सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, असं मानलं जातं. पोरवयातच तो जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा त्याने अस्खलित आत्मसात केली. जेझुइटांनी त्याला संघात घेतलं नाही. मग काही काळ त्याने व्यापार केला आणि पुढे स्पेनच्या ताब्यातल्या मनिलात तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. १५९३मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचा वकील म्हणून पेद्रो बाउतिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे गेला, तेव्हा त्याचा दुभाष्या होता हा वसईकर.

तीन वर्षांनी ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं. आधी धर्मोपदेशक येतात आणि मागून फौज, अशी बढाई जहाजावरच्या कुणीतरी मारली, असं सांगतात. हिदेयोशीचा संशय पेटला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आलं. त्यांत गोन्सालोही होता. १८६२मध्ये त्याला संतपद मिळालं. ‘शब्द माझे नव्हते’ असं म्हणायची सोय त्याला नव्हती, कारण तो पगारी दुभाष्या नव्हताच. ज्यांच्या वतीने तो बोलला, त्यांचीच श्रद्धा त्याची होती.

याच्या अगदी उलट माणूस मिगेल दे उनामुनोने रंगवला. सालामांका विद्यापीठाचा हा रेक्टर, ग्रीकचा प्राध्यापक. १९३१मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची ‘सान मान्वेल ब्वेनो, मार्तिर’ ही छोटी कादंबरी स्पॅनिश साहित्याच्या वर्गांत हटकून भेटते. तिच्यातल्या खेडेगावच्या पाद्रीचा मरणोत्तर जीवनावर विश्वास नाही. तरी लोकांचा धीर सुटू नये म्हणून तो प्रार्थना चालवतो. सगळं गाव एका सुरात श्रद्धेची प्रतिज्ञा म्हणतं आणि शाश्वत जीवनाची ओळ आली की पाद्रीचा आवाज गावाच्या आवाजात बुडून जातो. तो तेवढ्यापुरता गप्प असतो. जो शब्द आपला नाही तो उच्चारायचा नाही, एवढंच सत्य त्याने स्वतःपुरतं राखलं. ही ओळ शब्दकोश घेऊन उलगडणाऱ्या वाचकाला पाद्री ढोंगी म्हणावा की संत, हे ठरवताना घाम फुटतो. फुटायलाच हवा.

आपल्याकडे यावर एक बरं उत्तर आहे : पूर्वपक्ष. ज्याचं खंडन करायचं त्याचं म्हणणं आधी तो स्वतः मांडेल तितक्या ताकदीने मांडायचं. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’ची सुरुवातच चार्वाकाने होते. ग्रंथकर्ता वेदान्ती. तरी चार्वाकमत जाणून घ्यायला आजही अभ्यासक त्या प्रकरणाकडे वळतात. वेदान्त्याने नास्तिकाला आवाज दिला म्हणून त्याला कुणी खोटारडा म्हटलं नाही.

म्हणजे वर्गातला वाद आणि परीक्षेतला निबंध यांत पाप नाही. खरी कसोटी नोकरीत लागते. मेक्सिकोतल्या कर्जदाराला वसुलीचा फोन ठाण्यातून करायचा असेल, तर धमकीवजा वाक्य शुद्ध स्पॅनिशमध्ये बोलणारी व्यक्ती जबाबदार किती? ‘मी फक्त भाषा पुरवते’ हे उत्तर अर्धंच आहे. दुसऱ्याचं म्हणणं सौम्य करायचा किंवा त्याला धार लावायचा अधिकार दुभाष्याला नाही. ते काम हाती घ्यायचं की नाही, हा निर्णय मात्र त्याचाच, आणि त्याचं उत्तरदायित्वही त्याचंच.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी प्रगत स्पॅनिशचा अभ्यासक्रम आखताना व्यापारी पत्रव्यवहार जरूर ठेवावा. पण त्यात उनामुनोचं हे छोटं पुस्तकही घालावं, आणि दुभाष्याच्या जबाबदारीवर निदान एक तास ठेवावा. तो तास मराठीत झाला तरी चालेल.