डॉक्टरांचे बिल आणि उतारशाळेचा मालक



लॅम रोड असो की नाशिक-पुणे महामार्ग, अपघात झाला की धर्मग्रामातले कुणीतरी आमच्याकडे येऊन म्हणते, “फादर, डॉक्टरांना सांगून बिल थोडे कमी करून द्या ना!” असे मागणे योग्य आहे का?

अपघातग्रस्तावर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयात पैसे न भरता उपचार मिळू शकतात. पण मांडीचे हाड सात दिवसांत जुळत नाही. पुढचे बिल घरच्यांवर पडते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची भरपाई हाती येईपर्यंत दागिने गहाण पडलेले असतात. अशा वेळी सवलत मागण्यात लाज कसली? वैद्याने मोबदला घ्यावा, पण माफक घ्यावा. माणूस, काम, कष्ट आणि देशाची रीत पाहून घ्यावा, असा संत थॉमस अक्वायनस यांचा विचार आहे. त्यात ‘माणूस’ पहिला आहे. ‘विमा कंपनी देणार’ असे कानावर येताच आकडा फुगवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

खरा पेच पुढे आहे. समजा, डॉक्टरांनी ८० हजारांचे ५० हजार केले आणि दाव्याला मात्र ८० हजारांचे बिल जोडले. वरचे ३० हजार कुणाचे? मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करू नयेत, असा निर्णय २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दिला. मग हेही आपलेच, असे काही जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. मेडिक्लेमसाठी त्या माणसाने हप्ते भरलेले असतात. सवलतीसाठी त्याने काय भरले? ती डॉक्टरांनी आपल्या कष्टातून सोडली, ती त्याच्या अडचणीकडे पाहून. म्हणून खरे भरले तेवढेच लावावे. नाहीतर सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलावे, “भरपाई आली की उरलेले देऊ,” आणि ती रक्कम बिलावर बाकी म्हणून लिहून घ्यावी. मग पूर्ण बिल जोडण्यात खोटे काही नाही. मुद्दाम वाढवून घेतलेले बिल ही मात्र सरळ चोरी आहे.

(भरपाईत टक्का ठरवून फी घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांची वकिलांना मनाई आहे. तरी टक्केवारी मुकाट्याने दिली जाते आणि घासाघीस डॉक्टरांशी होते!)

दयाळू शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे कबूल केले. जखमी त्याच्या नात्याचा नव्हता, तरी ‘धर्म म्हणून कमी घ्या’ असे तो म्हणाला नाही. त्या मालकाविषयी आम्ही प्रवचनात फारसे बोलत नाही. त्याने एका परक्याच्या शब्दावर जखमी माणूस ठेवून घेतला. लुटारू तर पसार झाले होते. खर्च या दोघांनी उचलला. आपल्याकडे धडक देणाऱ्या गाडीचा विमा तरी असू शकतो. तिथून पैसे येतील तेव्हा डॉक्टरांची बाकी आधी द्यावी.

ज्यांचे दावे चालू आहेत, त्यांनी रुग्णालयाच्या मूळ पावत्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात. त्यात सवलतीची पावतीही असू द्या.